वेगळा गट काढा म्हणणं सोपं असतं

मागच्या महिन्यात नाकाडोंगरीत आमच्या बचत गटाची बैठक झाली. गावातल्या एका विधवा ताईंनी गटात घ्या म्हणून विचारलं होतं. गटात वीस जणी चालतात, आम्ही चौदा. म्हणजे जागा होती. तरी सगळ्या गप्प. मग एक जण हळूच म्हणाली, "संक्रांतीला गटाचं हळदीकुंकू असते, तेव्हा कसं करायचं?" दुसरी म्हणाली, "त्यांनी आपला वेगळा गट काढावा ना!" विषय तिथेच संपला. मीही काही बोलले नाही, हे कबूल करते.

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. बी.ए.ला इतिहास होता माझा. तेव्हा वाचलेले माणकजी कर्सेटजी आठवले.

फ्रीमेसन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. बंधुभाव मानणारी ही जुनी संघटना. त्यांच्या शाखेला लॉज म्हणतात. आत काय चालतं ते बाहेर कळत नसे, म्हणून आपल्याकडे लोक त्या इमारतीला जादूघर म्हणायचे. नवा सभासद घ्यायचा की नाही, हे पांढऱ्या-काळ्या गोट्या टाकून ठरवायचं. काळी गोटी कुणी टाकली, का टाकली, हे विचारायचं नाही.

मुंबईच्या माणकजींना या लॉजमध्ये जायचं होतं. साहेबांच्या लॉजने या पारशी गृहस्थाला घेतलं नाही. त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. परत आले, तरी मुंबईच्या लॉजचं दार बंदच! शेवटी १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज काढली. पुढे १८६३ मध्ये याच माणकजींनी मुंबईत मुलींसाठी इंग्रजी शाळा सुरू केली. दाराबाहेर उभं राहणं काय असतं, ते त्यांना ठाऊक होतं.

तुम्ही म्हणाल, बघा, वेगळं काढलं आणि प्रश्न सुटला. पण बर्न्स हे स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजचे इथले मोठे अधिकारी होते. म्हणून त्या लॉजला पहिल्या दिवसापासून मान्यता होती. मान्यता नसली तर काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. प्रिन्स हॉल या कृष्णवर्णीय गृहस्थांच्या लॉजला १७८४ साली इंग्लंडहून रीतसर सनद मिळाली. तरी तिथल्या गोऱ्यांच्या ग्रँड लॉज त्यांना खरे मेसन मानेनात. एकमेकांच्या सभेत बसणं नाही, भाऊ म्हणणं नाही. १९८९ साली कनेक्टिकटने मान्यता दिली, त्यानंतर एकेक राज्य पुढे आलं. दोनशे वर्षं गेली हो!

आणि बायकांचं? फ्रान्समध्ये १८८२ साली मारिया देरेम यांना एका लॉजने दीक्षा दिली, तर गदारोळ झाला. १८९३ मध्ये त्यांनी स्त्री-पुरुष दोघांसाठी नवी संस्था काढली. ॲनी बेझंट यांनी ती भारतात आणली. पण इंग्लंडच्या ग्रँड लॉजने तिला मान्यता दिली नाही. १९६१ साली स्थापन झालेली भारताची ग्रँड लॉजही आजवर पुरुषांचीच आहे.

ते पुरुष होते, श्रीमंत होते, म्हणून आपण नावं ठेवतो. पण आमच्या बैठकीत तरी वेगळं काय झालं? तीच काळी गोटी, फक्त हातात न दिसणारी. उद्या त्या ताईंनी चार विधवा बायांना घेऊन गट काढला, तर गावात त्याला 'विधवांचा गट' असंच नाव पडेल. आपण त्यांच्यासोबत सतरंजीवर बसू का?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक गाव जे करू शकतं, ते चौदा बायांना का जमू नये?

येत्या बैठकीत मी विषय पुन्हा काढणार आहे. हप्ता फेडण्याची ऐपत पाहावी, स्वभाव पाहावा, ते गटाचं काम आहे. कपाळ पाहणं हे गटाचं काम नाही. कुणाला नकोच असेल, तर त्या ताईंना समोर बसवून कारण सांगावं. आणि सांगताना लाज वाटली, तर ते कारण खरं नव्हे, असं समजावं.