नदीची नोंद मुलांच्या हाती

नदी वाचवायची म्हटली की शाळकरी मुलांना हमखास बोलावले जाते. काम दिले जाते ते घाट झाडण्याचे, प्लास्टिक वेचण्याचे, निर्माल्य गोळा करण्याचे आणि घोषणा देत फेरी काढण्याचे. ही कामे कमी मोलाची नाहीत. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी गणेशमूर्ती आणि निर्माल्य दान करण्याची रीत रुजली, त्यामागे घाटावर उभे राहून भाविकांना विनवणाऱ्या विद्यार्थ्यांचे वर्षानुवर्षांचे कष्ट आहेत. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. नदीचा खरा आजार हाताने वेचता येत नाही. तो पाण्यात विरघळलेला असतो. मैलापाणी, मळी आणि रंगप्रक्रियेतली रसायने यांना झाडूने हटवता येत नाही. ती कुठून आली, कधी आली आणि किती आली हे मोजावेच लागते. म्हणून मुलांच्या हाती आता मोजमापाची साधने आणि नोंदवही दिली पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या नोंदवहीला उत्तर देण्याचे बंधन शासनयंत्रणेवर घातले पाहिजे.

पंचगंगेचेच उदाहरण घेऊ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीजवळ ही नदी आकाराला येते आणि सुमारे ८० किलोमीटर वाहून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. एवढ्याशा प्रवासात तिच्यात कोल्हापूरचे जयंती आणि दुधाळी नाले येतात, काठच्या गावांचे सांडपाणी येते, साखर कारखान्यांचे आणि इचलकरंजीच्या वस्त्रप्रक्रिया उद्योगाचे पाणी येते. बंधाऱ्यांना बरगे घातले की प्रवाह थांबतो, घाण साचते, केंदाळ वाढते. मग पाणी सोडले किंवा वळवाचा पाऊस पडला की साचलेले सगळे एकदम खाली सरकते आणि तेरवाडसारख्या बंधाऱ्यापाशी मेलेले मासे तरंगू लागतात. हे पाणी माणसांनाही सोडत नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो माणसे आजारी पडली आणि काहींचे प्राण गेले. राज्यातले एकूण चित्रही असेच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशात नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे नोंदवले होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रात होते. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर उतरला. महाराष्ट्राचा मात्र ५५ झाला. दोन्ही वेळा आपले राज्य यादीत सर्वांत वर होते.

हे आकडे सरकारी तपासणीतूनच आले आहेत, मग मुलांनी आणखी काय मोजायचे, असा प्रश्न कोणी विचारील. सरकारी तपासणी ठरावीक ठिकाणी आणि बहुधा महिन्यातून एकदा होते. वर्षाची सरासरी काढायला तेवढे पुरते. पण रात्रीत सोडलेली मळी सकाळी निघून गेलेली असते, आणि महिन्याने घेतलेल्या नमुन्यात तिचा मागमूस राहत नाही. दोन तपासणी केंद्रांच्या मधला मोठा काठ तर कोणाच्याच नजरेत नसतो. शाळा मात्र काठावरच्या बहुतेक गावांत आहेत, आणि मुले रोज नदी ओलांडतात. एकाच दिवशी, एकाच तासाला चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत वीस-पंचवीस ठिकाणी नमुने घेण्याइतके मनुष्यबळ कोणत्याही मंडळाकडे नाही. शाळांकडे ते आहे. नाल्याच्या वरच्या अंगाला पाणी चांगले आणि खालच्या अंगाला बिघडलेले आढळले, तर दोष कोणत्या टप्प्यात आहे ते सांगायला तज्ज्ञ समिती लागत नाही.

ही तपासणी मुलांच्या आवाक्यातली आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत १८८८ पासून वापरात आहे. बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड सोडायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाशी बसणारा साका तपकिरी होतो. प्राणवायू संपलेला असेल तर साका पांढराच राहतो. पुढचे अनुमापन बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होऊ शकते. आंघोळीच्या पाण्यात दर लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा आणि जैविक प्राणवायू मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, हा निकष आहे. तो आकडा आणि बाटलीतला पांढरा साका शेजारी ठेवून पाहणाऱ्या मुलाला प्रदूषणावरचा निबंध पाठ करावा लागत नाही. लहान वर्गांतली मुले तापमान, सामू, पाण्याचा गढूळपणा, वास, केंदाळाचा विस्तार आणि मेलेले मासे यांची नोंद ठेवू शकतात. काठच्या विहिरी आणि नळ यांच्यासाठी भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली हायड्रोजन सल्फाइडची चाचणी आहे. पाण्यात मैल्यातले जिवाणू असतील तर एक-दोन दिवसांत बाटलीतले पाणी काळे पडते.

अशा कामातून हाती काही लागते का? लागते, याचे दाखले आहेत. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर शहरात ह्युरॉन नदीत खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना काविळीची लागण झाल्याचे दिसले, तेव्हा १९८४ मध्ये तिथल्या हायस्कूलच्या मुलांनी मिशिगन विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्टॅप यांच्या साहाय्याने नदीचे पाणी तपासायला घेतले. पाण्यात मैल्यातल्या जिवाणूंचे प्रमाण जास्त निघाले, त्याचा माग पावसाळी गटारांपर्यंत पोचला आणि मुलांनी ते निष्कर्ष शहराच्या कारभाऱ्यांपुढे ठेवले. त्यातूनच पुढे अनेक देशांतल्या शाळांना जोडणारे नदी-अभ्यासाचे जाळे उभे राहिले. आपल्याकडे दिल्लीत १९९६ मध्ये ‘डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्ह्ज’ या संस्थेने शाळांना हाताशी धरून पाणी आणि हवा तपासण्याचा उपक्रम सुरू केला, तो ‘क्लीन-इंडिया’ या नावाने इतर शहरांतही गेला. त्यासाठी शाळेत वापरता येईल असा ‘जल-तारा’ हा तपासणी संचही तयार झाला. या दाखल्यांतून एक धडा मिळतो. मुलांनी पाणी नुसते मोजल्याने नदी बदलत नाही. ते मोजमाप ज्याच्या अंगावर जबाबदारी आहे त्याच्यापुढे गेले पाहिजे आणि त्याला ते टाळता येता कामा नये.

महाराष्ट्राला यासाठी नव्याने फार काही उभारावे लागणार नाही. पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच दिला. आपल्या राज्याने तर पुढचे पाऊल टाकले: नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ आणि अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हे विषय अभ्यासक्रमात आहेत. त्यांत प्रकल्प करायचा असतो, त्याला मूल्यमापन असते. पण असा प्रकल्प बाजारातून आणलेल्या तयार वहीतून उतरवला जातो, हे शिक्षक आणि पालक दोघांनाही ठाऊक आहे. ज्या वेळात मुले कुठल्या तरी अनोळखी नदीची माहिती सुवाच्य अक्षरात लिहून काढतात, त्याच वेळात त्यांना आपल्या गावच्या नदीची खरी नोंद करता येईल. तास तेच, गुण तेच. फरक एवढाच की त्या नोंदीचा गावाला उपयोग होईल.

पहिला आक्षेप अचूकतेचा आहे. मुलांच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? शंका रास्त आहे, आणि तिला उत्तर शिस्तीचे आहे. प्रत्येक नमुना दोनदा तपासावा, दर दहांतला एक जवळच्या महाविद्यालयात किंवा विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागात पडताळावा, आणि ठिकाण, वेळ व नमुना घेण्याची रीत कधी बदलू नये. शिवाय सरकारने स्वतःच हा विश्वास याआधी टाकला आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना संच देऊन पिण्याचे पाणी तपासायला शिकवण्याची योजना आहे. पिण्याच्या पाण्याबाबत गावातल्या बाईवर भरवसा ठेवता येतो, तर नदीच्या पाण्याबाबत प्रशिक्षित शिक्षकाच्या देखरेखीखालच्या बारावीच्या विद्यार्थ्यावर का नाही? कायद्याच्या बाजूनेही गोंधळ नको. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार न्यायालयात चालेल असा सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, ठरलेल्या पद्धतीने घ्यावा लागतो. मुलांचा नमुना त्याची जागा घेणार नाही. तो अधिकाऱ्याला सांगेल की कुठे आणि केव्हा जायचे. आज अधिकारी पोचतो तो मासे मेल्याची बातमी छापून आल्यावर.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो पूर्ण मान्य केला पाहिजे. ज्या पाण्याने कावीळ होते त्यात मुलांना उतरवणे हा गुन्हाच ठरेल. म्हणून नियम कडक हवेत. एकही मूल पाण्यात जाणार नाही. नमुना पुलावरून दोरीला बांधलेल्या बादलीने घेतला जाईल. हातमोजे आणि साबण सक्तीचे असतील. पावसाळ्यात पूर असताना काम बंद राहील. आम्ल आणि रसायने फक्त वरच्या वर्गांच्या प्रयोगशाळेत हाताळली जातील. आज स्वच्छता मोहिमेत हीच मुले अनवाणी चिखलात उतरून कचरा उपसतात, तेव्हा सुरक्षिततेचा प्रश्न फारसा कोणी काढत नाही. नीट आखलेली तपासणी त्या मोहिमांपेक्षा कितीतरी सुरक्षित असेल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. मोठ्यांनी घाण करायची आणि निस्तरायचे मुलांनी, हा कुठला न्याय? न्याय नाहीच. सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारणे आणि चालवणे ही महापालिकांची, नगरपालिकांची आणि ग्रामपंचायतींची जबाबदारी आहे, आणि कारखान्याचे पाणी शुद्ध करूनच सोडणे ही कारखान्याची. केंद्रीय मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. ही तूट कोणतीही शाळा भरून काढू शकत नाही. पण मुलांकडून सफाई करून घेणे आणि त्यांना नोंद ठेवायला शिकवणे यांत मूलभूत भेद आहे. सफाईत दुसऱ्याचे ओझे मुलांच्या खांद्यावर येते; नोंद ते ओझे ज्याचे त्याच्या दारात नेऊन ठेवते. याच कारणाने विरोधही होईल. पश्चिम महाराष्ट्रात कारखाना आणि शिक्षणसंस्था यांचे नेतृत्व अनेकदा एकाच घरात असते. एखाद्या मुख्याध्यापकाने एकट्याने आकडे जाहीर केले तर दडपण त्याच्यावर येणार, हे उघड आहे. म्हणून नोंदी जिल्हा पातळीवर, सर्व शाळांच्या एकाच दिवशी प्रसिद्ध व्हाव्यात. शाळेने कोणावर आरोप करू नये, तक्रारही दाखल करू नये. फक्त आकडा द्यावा. पाणी प्रामाणिकपणे शुद्ध करून सोडणाऱ्या कारखान्यालाही त्याचा लाभ आहे, कारण संशयाच्या सरसकट आरोपातून तो मोकळा होईल.

तेव्हा मागणी नेमकी अशी. शिक्षण विभागाने ‘जलसुरक्षा’ विषयाचा प्रकल्प नदी, ओढा किंवा तलाव असलेल्या गावांत प्रत्यक्ष नोंदीशी जोडावा आणि त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण, संच आणि इतर अशैक्षणिक कामांतून सवलत द्यावी. जिल्हाधिकाऱ्यांनी या नोंदी सर्वांना पाहता येतील अशा फलकावर आणि संकेतस्थळावर दर महिन्याला लावाव्यात. आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने लेखी नियम करावा: ठरलेल्या मर्यादेपेक्षा वाईट नोंद आली की दोन दिवसांत मंडळाचा अधिकारी त्या ठिकाणी स्वतःचा नमुना घेईल आणि महिन्याभरात निष्कर्ष व कारवाई त्या शाळेला लेखी कळवील. सुरुवात पंचगंगेच्या काठावरून करावी. नदी लहान आहे, दुखणे ठाऊक आहे आणि शाळा हाकेच्या अंतरावर आहेत. वरच्या तीन मागण्यांतली शेवटची, मंडळाच्या लेखी नियमाची, सर्वांत स्वस्त आहे आणि तीच सर्वांत अवघड ठरेल, कारण तिच्यात पैशापेक्षा उत्तरदायित्व जास्त लागते. पण ती वगळली तर पहिल्या दोन निरर्थक आहेत. प्रामाणिकपणे मोजलेल्या आकड्याला कोणी उत्तरच देत नाही, हे पंधराव्या वर्षी अनुभवलेला नागरिक पुढे आयुष्यभर शासनाला प्रश्न विचारणे सोडून देतो. त्याच वयात लेखी उत्तर हाती पडले, तर नदीला तिचा हिशेब मागणारी एक पिढी मिळेल. मंडळाने तो नियम करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या शैक्षणिक वर्षाआधी तो करावा.