ज्या घराचे दार मिटते

रविवारची मिस्सा चालू आहे. मागच्या बाकावर एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन बसली आहे. घंटा वाजते, गायकमंडळी सूर उचलतात, आणि तो मुलगा दोन्ही हातांनी कान गच्च दाबून किंकाळी फोडतो. पुढच्या बाकांवरील तीन-चार डोकी मागे वळतात. कोणी काही बोलत नाही. परंतु त्या नजरांचा अर्थ आईला कळतो. ती मुलाला उचलून बाहेर पडते. पुढच्या रविवारी ती येत नाही. त्यापुढच्याही नाही.

वाचकहो, हे चित्र मी कोणा एका घराचे म्हणून रेखाटलेले नाही. पेडण्यात, डिचोलीत किंवा दुसऱ्या कोणत्याही धर्मग्रामात ते दिसू शकेल. प्रश्न एवढाच आहे की, तो बाक रिकामा झाल्याचे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात येईल? आज त्या रिकाम्या बाकाविषयी, आणि त्यावर बसणाऱ्यांना परत आणण्याच्या एका साध्या उपायाविषयी, चार शब्द बोलावयाचे आहेत.

ज्या मुलांविषयी आपण बोलत आहोत, त्यांच्या अवस्थेस मराठीत स्वमग्नता आणि बोलण्यात ऑटिझम म्हणतात. हे वेड नव्हे, संसर्गाचा रोगही नव्हे. मेंदूच्या वाढीतील हे एक वेगळेपण आहे, आणि त्याची मुळे जन्मापूर्वीच रुजलेली असतात. वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही; दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही; शिकलेले चार शब्द एकाएकी विसरते; खेळण्यातील गाडी चालविण्याऐवजी तिचे चाकच तासन्‌तास फिरवीत बसते; ठरलेल्या क्रमात थोडा बदल झाला तरी आकांत मांडते. अशी काही लक्षणे एकत्र दिसली, तर 'बाप पण उशिराच बोलला होता' असे म्हणून स्वस्थ न बसता मूल डॉक्टरांना दाखवावे.

'असली मुले शहरात असतात, आमच्या गावी नाहीत,' असे कित्येकजण म्हणतात. तो भ्रम आहे. मुलांच्या मेंदूच्या वाढीतील अडचणींविषयी भारतात पाच ठिकाणी मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्या पाच ठिकाणांत उत्तर गोवा हे एक होते. दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे आठ मुलांमागे एका मुलास अशी कोणती ना कोणती अडचण असल्याचे त्यात आढळले. स्वमग्नतेपुरते बोलावयाचे, तर शंभर मुलांमागे साधारण एक असा अंदाज धरावयास हरकत नाही. म्हणजे गावच्या शाळेत शंभर मुले असतील, तर त्यांच्या वयाचे एखादे मूल शाळेत तरी आहे, किंवा घराच्या आतल्या खोलीत तरी आहे.

आतल्या खोलीत, असे मी जाणूनबुजून म्हणतो. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगथ' या संस्थेतील अभ्यासकांनी स्वमग्न मुलांच्या आईबापांशी सविस्तर बोलून एक अभ्यास केला, आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक गोष्ट आपण सर्वांनी मनावर घ्यावी अशी आहे. निदान झाल्यानंतर ही कुटुंबे प्रथम समाजापासून दूर होतात. लग्नाला जाणे थांबते, फेस्ताला जाणे थांबते, पाहुणे येणे कमी होते. पुढे काही काळाने जुन्या आणि नव्या स्नेहसंबंधांच्या आधाराने ती पुन्हा माणसांत येऊ लागतात. त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे. वैद्यकीय आणि शिक्षणाच्या क्षेत्रातील माणसांप्रमाणेच धर्माच्या क्षेत्रातील माणसांनाही या कुटुंबांच्या गरजांची जाणीव फार थोडी आहे. हा बोल आपल्यालाही लागतो. तो कडू आहे. पण खरा असेल तर घोटावयास हवा.

दार मिटते ते केवळ मुलाच्या ओरडण्यामुळे नव्हे. आईच्या माथी मारल्या जाणाऱ्या दोषामुळे ते अधिक घट्ट मिटते. कोणी म्हणते, ग्रहणात हिने सुरी हाती धरली असेल. कोणी म्हणते, दृष्ट लागली. कोणी म्हणते, नोकरीच्या मागे लागून मुलाकडे पाहिले नाही. यात अशिक्षितांनाच हसावयाचे कारण नाही, कारण शहाण्यांनीही हेच केले आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची हकिगत लिहून या अवस्थेचे प्रथम नेमके वर्णन केले. त्यानंतरची कित्येक वर्षे मोठमोठे तज्ज्ञ सांगत राहिले की, आईच्या थंड वागणुकीने मूल असे होते. आधीच खचलेल्या आयांना विद्वानांनी गुन्हेगार ठरविले. पुढे लसीवर दोष आला. १९९८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात तसा लेख आला. परंतु तो सदोष ठरून २०१० साली मागे घेण्यात आला. लस टोचल्याने मूल स्वमग्न होत नाही, आणि आईच्या वागणुकीनेही होत नाही.

आईवरील हा कलंक पुसण्यात पुढाकार कोणी घेतला? आईबापांनीच. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकेच्या नौदलातील मानसशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून दाखविले की, या अवस्थेचे मूळ शरीरात आहे, आईच्या वर्तनात नाही. पुढच्याच वर्षी इतर पालकांसह त्यांनी तेथे देशव्यापी संस्था काढली. इंग्लंडमध्ये त्याआधी, १९६२ साली, लंडनमधील काही पालक असेच एकत्र आले. त्यांत मनोविकारतज्ज्ञ असलेल्या आणि स्वमग्न मुलीची आई असलेल्या डॉ. लोर्ना विंग होत्या. या मंडळींनी १९६५ साली आपल्या मुलांसाठी शाळाही उघडली. आपल्या देशात १९९१ साली दिल्लीत मेरी बरुआ या मातेने 'ॲक्शन फॉर ऑटिझम' या संस्थेचा पाया घातला. तिन्ही देशांत आरंभ एकाच तऱ्हेने झाला: एका आईला किंवा बापाला दुसरी आई, दुसरा बाप भेटला आणि म्हणाला, 'आमच्याही घरी असेच आहे.'

या चार शब्दांत जे बळ आहे, ते औषधाच्या चिठ्ठीत नसते. डॉक्टर निदान करतील, शिक्षक शिकवतील. परंतु कात्रीच्या आवाजाला घाबरणाऱ्या मुलाचे केस झोपेत कसे कापावे, पेज आणि पाव याखेरीज कशालाही तोंड न लावणाऱ्याच्या ताटात तिसरा पदार्थ कसा आणावा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून त्याला कोणत्या वेळी न्यावे, हे ज्या आईने केले आहे तीच सांगू शकते. शिवाय तिच्यापुढे रडावयास लाज वाटत नाही.

आईबापांच्या हातून काय होऊ शकते, याचे प्रमाण आपल्या गोव्यातच आहे. 'संगथ'ने गोव्यात आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. मोठे तज्ज्ञ खेड्यापाड्यांत मिळत नाहीत. म्हणून साध्या आरोग्यसेवकांना शिकविण्यात आले, आणि त्यांनी आईबापांना शिकविले. आई मुलाशी खेळत असताना चित्रफीत घ्यावयाची आणि मग दोघांनी बसून ती पाहावयाची: मूल कोठे पाहत होते, त्याने काय सुचविले, आपण कोठे घाई केली? अशा रीतीने आई मुलाच्या कलाने जावयास शिकली. ज्या घरी हे शिकविले गेले, तेथील मुले आपण होऊन आईशी अधिक संपर्क साधू लागली, असे आढळले. 'आपल्या हातात काही नाही' असे म्हणणाऱ्या प्रत्येक आईने हे ध्यानात ठेवावे.

मग आपल्याकडे काय करता येईल? मोठी संस्था काढावयास नको, वर्गणी नको, अध्यक्ष नको. एका परिसरातील चार-पाच घरांनी महिन्यातून एकदा एखाद्या घराच्या बल्कांवात बसावे, एवढेच पुरे. पेडणे आणि डिचोली महालांत आपली ख्रिस्ती घरे विरळ आहेत. म्हणून ही बैठक केवळ आपल्या धर्मग्रामापुरती ठेवू नये. शेजारच्या हिंदू वा मुसलमान घरातही तेच दुःख असते. बैठकीत मुलांची तुलना करू नये. 'माझा बोलतो, तुझा अजून बोलत नाही' हे वाक्य तेथे वर्ज्य असावे. खात्रीने बरे करतो म्हणून पैसे मागणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे, कारण स्वमग्नता घालविणारे औषध नाही. एका दुपारी एकीने दोघींची मुले सांभाळावी, म्हणजे दुसरीला बँकेत जाता येईल, किंवा नुसते निजता येईल. ज्यांचे यजमान आखातात किंवा जहाजावर आहेत, त्या भगिनींना या निजेचे मोल सांगावयास नको. बाप गावात असेल तर त्यानेही यावे. हे ओझे आईचे एकटीचे नव्हे. आणि घरातील दुसऱ्या मुलांना विसरू नये. भावाच्या आक्रोशात बहिणीचे प्रगतिपुस्तक पाहावयाचे राहून जाते.

बैठकीत माहितीही वाटून घ्यावी. डिचोलीत 'केशव सेवा साधना' ही संस्था विशेष मुलांची शाळा चालविते. बालविकासाच्या क्षेत्रात डॉ. नंदिता डिसोझा यांनी स्थापिलेली 'सेतू' ही संस्था गोव्यात काम करते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्याने स्वमग्नतेला मान्यता दिलेली आहे. तेव्हा दिव्यांगत्वाचा दाखला मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. एकट्या आईला कचेरीत जावयास धीर होत नाही. दोघी मिळून गेल्या की होतो.

आणि एक प्रश्न आहे, जो रात्री झोप येऊ देत नाही: 'आमच्यामागे याचे काय?' त्याचे पूर्ण उत्तर कोणापाशीच नाही. परंतु काही सोय झालेली आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या व्यवस्थेत, मूल १८ वर्षांचे झाल्यावर त्याच्यासाठी पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हा पातळीवरील समितीकडे अर्ज करावयाचा असतो. त्याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्यविम्याची योजना एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चास आधार देते. कागद वेळेवर करून ठेवावेत. पण कागदावरचा पालक उद्या खराखुरा पालक व्हावयाचा, तर त्याने मुलाला आजपासून ओळखावयास हवे. मावशीने, काकाने, शेजाऱ्याने त्या मुलाशी आजच मैत्री करावी. मिटलेल्या दाराआड वाढलेल्या मुलाला उद्या कोण ओळखणार?

राहिली गोष्ट आपणा इतरांची. आपल्याला फार थोडे करावयाचे आहे. मुलाने किंकाळी फोडली तर मागे वळून पाहू नये. बाजूच्या दाराजवळचा एक बाक त्या कुटुंबासाठी मोकळा ठेवावा, म्हणजे बाहेर जाऊन परत येणे सोपे होईल. कानांवर लावावयाची ध्वनिरोधक टोपणे त्या मुलाने लावली तर त्यात अपमान मानू नये. फेस्ताला बँड आणि फटाके केव्हा वाजणार, हे आदल्या दिवशी त्या घरी सांगावे. वाड्यावरील लादाईनीला बोलावताना 'मुलाला घेऊन या' हे शब्द मुद्दाम उच्चारावे. नाही तर आमंत्रण आईबापांपुरतेच आहे, असे ती समजतात. प्रभूने बालकांना आपल्याजवळ येऊ द्या असे सांगितले, तेव्हा गप्प बसणाऱ्याच बालकांना, असे म्हटले नव्हते.

या रविवारी मिस्सा संपल्यावर घरी जाण्याची घाई करू नका. मागच्या बाकांकडे एकवार पाहा. कोणाची जागा काही आठवड्यांपासून रिकामी आहे, ते आठवा. आणि संध्याकाळी त्या घरचे दार हलकेच वाजवा. आत गेल्यावर उपदेश करू नका, औषध सुचवू नका. नुसते बसा, मुलाचे नाव विचारा, आणि तुमच्या ओळखीत असेच दुसरे घर असेल, तर त्या आईला त्या आईची गाठ घालून द्या. पुढचे काम त्या दोघी करतील.