गाडी चाकणची, पण जहाज कोणाचं?

चाकणमध्ये तयार झालेली गाडी किंवा सुट्या भागांचा कंटेनर मुंबई किंवा न्हावा शेवा बंदरापर्यंत इथल्याच ट्रेलरवरून जातो. पुढचा समुद्रप्रवास मात्र बहुतेक वेळा परदेशी जहाजातून होतो. ५० वर्षांपूर्वी ४० टक्के व्यापार भारतीय जहाजांतून व्हायचा, आता तो ५ टक्क्यांवर आलाय, असं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगरला सांगितलं. परदेशी कंपन्यांना दिलं जाणारं भाडं? वर्षाला सुमारे ६ लाख कोटी रुपये.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हूथींचे हल्ले सुरू झाले. जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि भाडी चढली. अशा वेळी दर ठरवतो तो जहाजवाला. भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकाने फक्त तो मोजायचा.

हे दुखणं जुनं आहे.

‘लॉयल्टी’चं काय झालं?

५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं हे जहाज. म्हणूनच ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. (वालचंद पुढे गाड्यांच्या धंद्यातही उतरले, ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ त्यांचीच.)

जहाज नवं नव्हतं. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने ते १८९१ पासून पॅसिफिक महासागरात प्रवासी नेत होतं. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते विकत घेऊन रुग्णालय-जहाज केलं. गंमत म्हणजे साम्राज्यावरची निष्ठा सांगणारं नाव घेऊनच ते ब्रिटिश मक्तेदारीला भिडलं.

समोर होते लॉर्ड इंचकेप. ‘पी अँड ओ’ आणि ‘ब्रिटिश इंडिया’ या दोन्ही बलाढ्य कंपन्या त्यांच्या हाताखाली. त्यांनी भाडी इतकी पाडली की सिंदियाचा जीव मेटाकुटीला आला. १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला आणि सिंदियाला किनारी वाहतुकीपुरतं बांधून घेतलं गेलं. ‘लॉयल्टी’ त्याच वर्षी भंगारात गेली.

वालचंदांकडे हिंमत होती, पाठीशी सरकार नव्हतं. जर्मन जहाजांनी अटलांटिकचा वेगाचा विक्रम हिसकावला तेव्हा ब्रिटनने क्युनार्ड कंपनीला २६ लाख पौंडांचं स्वस्त कर्ज आणि वार्षिक अनुदान दिलं. त्यातून १९०७ मध्ये ‘लुसिटानिया’ आणि ‘मॉरेटानिया’ समुद्रात उतरल्या. एक अट अशी: युद्धात जहाजं सरकारला द्यायची. आलिशान प्रवासी जहाजांची ती शर्यत दिसायला कंपन्यांची होती, पैसा बराचसा सरकारी तिजोरीतला होता.

आता काय बदलतंय?

केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर केलं. त्यात जहाजबांधणीला २४,७३६ कोटींचं साहाय्य आणि २५,००० कोटींचा सागरी विकास निधी आहे. शंभर वर्षं उशिरा का होईना, सरकार पाठीशी उभं राहतंय. पण जहाज बांधणं हा अर्धाच भाग. ते भरून चालवायला माल लागतो, आणि चाकणचा निर्यातदार झेंडा बघून कंटेनर चढवत नाही. तो दर आणि वेळापत्रक बघतो. इंचकेप यांनी नेमका तिथेच घाव घातला होता.