कंपनी विकली गेली, मग वॉरंटी कुणाकडं मागायची? रेमिंग्टन रायफलीच्या गिऱ्हाइकांवर आलेली वेळ आणि आपल्याकडचा कायदा

रायफल तीच. नळीवरचं नाव तेच. दुकानदाराची पावती आणि वॉरंटीचा कागदही जपून ठेवलेला. पण दुरुस्तीसाठी कंपनीकडं चौकशी केली तर उत्तर मिळतं की ही बंदूक आम्ही बनवलेली नाही, आमची वॉरंटी तिला लागू होत नाही. 2020 नंतर अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीच्या जुन्या गिऱ्हाइकांवर हीच वेळ आली.

तिकडं ग्रामीण भागात रायफल ही बऱ्याच घरांत असते. हरणांची शिकार, वासरं-कोकरांवर येणारे कोल्ह्यासारखे कायोटी हाकलणं, अशा कामांना ती लागते. आपल्याकडं कोकणात रानडुकरं आणि माकडांसाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका असतात, त्यातलाच हा प्रकार समजा. अशी वस्तू माणूस एकदाच घेतो आणि पुढच्या पिढीला देतो. म्हणून तिथं कंपनीच्या नावाला किंमत. आणि रेमिंग्टन हे नाव 1816 पासूनचं, न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन या छोट्या गावातलं.

आधी कंपनी वाचली, मग तुकडे झाले

2007 मध्ये सर्बेरस या गुंतवणूक कंपनीनं रेमिंग्टन घेतली. पुढं कर्जाचा डोंगर झाला. मार्च 2018 मध्ये कंपनीनं पहिल्यांदा दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वेळी 70 कोटी डॉलरहून जास्त कर्ज कमी करून घेतलं आणि मालकी कर्ज देणाऱ्यांकडं गेली. पण कंपनी तीच राहिली. कारखाना चालू, नाव चालू, त्यामुळं गिऱ्हाइकाला मालक बदलल्याचा फारसा पत्ताही लागला नाही.

जुलै 2020 मध्ये दुसऱ्यांदा अर्ज झाला. या वेळी मात्र अलाबामा राज्यातल्या दिवाळखोरी कोर्टात कंपनीचे तुकडे पाडून विक्री झाली. काडतुसांचा धंदा आणि रेमिंग्टन हे नाव व्हिस्टा आउटडोअर या कंपनीनं 8 कोटी 14 लाख डॉलरला घेतलं. इलियनचा बंदुकांचा कारखाना राउंडहिल नावाच्या गटानं 1 कोटी 30 लाख डॉलरला घेतला आणि रेमआर्म्स ही नवी कंपनी काढली. रेमिंग्टनकडं असलेला मार्लिन हा दुसरा जुना ब्रँड रुगर कंपनीनं सुमारे 3 कोटी डॉलरला उचलला. बुशमास्टर आणखी तिसऱ्याकडं गेला.

हे आकडे नीट बघण्यासारखे आहेत. नाव आणि काडतुसं 8 कोटींवर गेली. पिढ्यान् पिढ्या बंदुका बनवणारा कारखाना सव्वा कोटीच्या आसपास. रेमआर्म्स आपल्या बंदुकीवर रेमिंग्टन लिहिते, पण ते नाव वापरायच्या परवान्यावर. म्हणजे नावाचा मालक एक आणि बंदूक बनवणारा दुसरा. आणि जुन्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्द? तो कुणीच विकत घेतला नाही. रेमआर्म्सनं आपली वॉरंटी आपण बनवलेल्या मालापुरती ठेवली. आधीच्या कंपनीत बनलेल्या बंदुका त्यातून बाहेर राहिल्या.

सातबाऱ्यावरचा बोजा कोर्टानं पुसला

हे कसं होऊ शकतं, असं कुणालाही वाटेल. जमिनीच्या व्यवहारावरून समजून घेऊ. आपल्याकडं शेत विकत घेताना माणूस आधी सातबारा काढून इतर हक्काचा रकाना बघतो. सोसायटीचा, बँकेचा बोजा असेल तर तो फेडल्याशिवाय सुटत नाही, जमिनीबरोबर येतो. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात मात्र कलम 363 आहे. त्यात कोर्ट कंपनीची मालमत्ता बोजा पुसून विकू शकतं. घेणारा मशिनरी, जागा, नाव घेतो. देणी मागं रिकाम्या झालेल्या जुन्या कंपनीकडं राहतात.

त्या रिकाम्या कंपनीच्या दारात मग रांग लागते. तारण असलेले कर्ज देणारे पुढं. तारण नसलेले मागं. वॉरंटीचा कागद हातात असलेला गिऱ्हाईक या मागच्या रांगेत उभा असतो. त्याचं येणं दोनशे-तीनशे डॉलरच्या दुरुस्तीचं. तेवढ्यासाठी वकील कोण लावणार? बहुतेक जण अर्जच करत नाहीत.

कायद्याचा हेतू अगदीच वाईट नाही. देण्यांसकट घ्यायची म्हटली तर बुडालेली कंपनी कुणी हातात धरणार नाही, कारखाना भंगारात जाईल आणि कामगार घरी बसतील. पण इलियनमध्ये कामगारांचंही फार भलं झालं नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये 585 कामगारांना काढून टाकलं. 2021 मध्ये नव्या मालकानं काहींना परत घेतलं, पण मुख्यालय जॉर्जिया राज्यात न्यायचं ठरलं आणि मार्च 2024 मध्ये इलियनचा कारखाना कायमचा बंद झाला.

एक नाव, तीन बनवणारे

मार्लिनच्या गिऱ्हाइकांचा घोळ तर आणखी वेगळा. ही कंपनी 1870 ची. रेमिंग्टननं घेतल्यावर 2011 मध्ये तिचा कनेक्टिकटमधला कारखाना बंद करून काम इलियनला हलवलं. जुने कसबी कारागीर सुटले, मालाच्या तक्रारी वाढल्या. लोक त्या काळातल्या बंदुकांना चेष्टेनं 'रेमलिन' म्हणू लागले. नंतर रुगरनं घेऊन नव्यानं मांडणी केली आणि डिसेंबर 2021 पासून नव्या मार्लिन बाजारात आणल्या. रुगरनं जबाबदारी घेतली ती स्वतः बनवलेल्या बंदुकांची. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त दुरुस्तीची गरज होती, त्या मधल्या काळातल्या बंदुकांना वाली उरला नाही.

गंमत अशी की रुगर स्वतः लेखी वॉरंटी देतच नाही. अमेरिकेत 1975 चा वॉरंटी कायदा आहे. वॉरंटी लिहून दिली तर ती कशी असावी हे तो सांगतो, पण लिहून दिलीच पाहिजे अशी सक्ती करत नाही. रुगर कागद देत नाही आणि तरी तिच्या दुरुस्ती सेवेचं नाव चांगलं आहे. रेमिंग्टनच्या गिऱ्हाइकाकडं कागद होता, पण त्यामागं कंपनी नव्हती.

दोष जिवावरचा असेल तर?

दुरुस्तीचा खर्च अंगावर पडणं एक वेळ सोसता येईल. पण रेमिंग्टनच्या 700 मॉडेलचा प्रश्न खर्चाचा नव्हता. 1962 पासून बनणारी ही रायफल. चाप न ओढता गोळी सुटते, अशा तक्रारींवर वर्षानुवर्षं खटले चालले. 2014 मध्ये कंपनीनं मे 2006 ते एप्रिल 2014 या काळातले एक्स-मार्क प्रो जातीचे चाप परत मागवले. पुढं एका मोठ्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली. सुमारे 75 लाख बंदुका त्यात येत होत्या. पात्र मॉडेलचा चाप कंपनीनं फुकट बदलून द्यायचा होता. अर्ज करायची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि जुलैत कंपनी दिवाळखोरीत गेली. तोवर बदलून न घेतलेल्या रायफली अजून कुणाच्या ना कुणाच्या घरात आहेत.

इथं सरकार काय करतं? अमेरिकेत खेळण्यांपासून शेगडीपर्यंतचा सदोष माल परत मागवायला लावणारा ग्राहक सुरक्षा आयोग आहे. पण 1972 च्या कायद्यानं बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे बंदूक परत मागवायची की नाही, हे बनवणाऱ्याच्या मनावर. आणि बनवणाराच उरला नाही तर विचारायचं कुणाला?

सँडी हूक शाळेतल्या गोळीबारात मुलं आणि शिक्षक मारले गेले. त्यातल्या 9 कुटुंबांना फेब्रुवारी 2022 मध्ये 7 कोटी 30 लाख डॉलर भरपाई मिळाली. ते पैसे रेमिंग्टनच्या विमा कंपन्यांनी दिले. कंपनी बुडाली तरी विमा शिल्लक होता. साध्या वॉरंटीमागं असा विमा नसतो. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

ठरवलं तर वॉरंटी टिकते

सगळीकडं असंच होतं असं मात्र नाही. 2009 मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली तेव्हा अमेरिकन सरकारनं अर्जाच्या आधीच जाहीर केलं की गाड्यांच्या वॉरंटीला आमचा आधार राहील. नव्या कंपनीनंही जुन्या गाड्यांची वॉरंटी आपल्या अंगावर घेतली. कारण साधं होतं. वॉरंटी बुडते असं दिसलं असतं तर शोरूममध्ये कुणी फिरकलं नसतं.

त्याच जनरल मोटर्सचा आपल्या पुणे जिल्ह्यात तळेगावला कारखाना होता. 2017 अखेर कंपनीनं भारतात शेवरोलेट विकणं थांबवलं, पण वॉरंटी आणि सुटे भाग चालू ठेवू असं सांगितलं. 2023 मध्ये ह्युंदाईनं तळेगावचा कारखाना घ्यायचा करार केला. ह्युंदाईनं घेतली ती जागा आणि मशिनरी. शेवरोलेटवाल्याची जबाबदारी तिच्याकडं आली नाही, ती जुन्या कंपनीकडंच राहिली. तिथं शब्द देणारी कंपनी जिवंत होती, एवढाच काय तो आधार.

आपल्याकडं काय होईल?

आपल्याकडं दिवाळखोरीचा कायदा 2016 ला आला. 13 एप्रिल 2021 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की कंपनी वाचवण्याचा आराखडा मंजूर झाला की त्यात नसलेली जुनी देणी संपतात. घेणाऱ्याला कोरी पाटी मिळते. दावा करायचा तर वेळेत करावा लागतो. त्याची जाहिरात एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेच्या पेपरात येते, पण ती मुख्यतः कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय असेल तिथल्या. पंपाची किंवा पॉवर टिलरची कंपनी गुरुग्रामची असेल तर आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या नजरेस ती जाहिरात कधी पडायची? घर घेणाऱ्यांना 2018 च्या दुरुस्तीनं कर्ज देणाऱ्यांच्या बरोबरीला बसवलं, मतही दिलं. पंप घेणाऱ्याला तसं काही मिळालं नाही. खरी दुरुस्ती इथं हवी. कंपनी विकताना चालू वॉरंट्यांचं काय होणार, हे आराखड्यात लिहिणं सक्तीचं झालं पाहिजे आणि डीलरमार्फत गिऱ्हाइकाला कळवलं पाहिजे.

तोवर हातात काय आहे? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक उपयोगी वाट आहे. सदोष मालामुळं इजा किंवा नुकसान झालं आणि बनवणाऱ्यापर्यंत नोटीस पोचवणंच शक्य नसेल, तर विक्रेत्याला जबाबदार धरता येतं. विक्रेत्यानं स्वतः वेगळी हमी दिली असेल तरीही तो सुटत नाही. म्हणून डीलर तोंडी "काय झालं तर मी आहे" म्हणतो, ते त्याच्याकडून बिलावर सहीशिक्क्यानिशी लिहून घेणं महत्त्वाचं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची फी लागत नाही. विचारपूस करायला 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आणि घेतानाच बिल, वॉरंटी कार्ड दोन्ही वाचावं. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात असतं, माल बनवणारी कंपनी खाली बारीक अक्षरात. वॉरंटी त्या बारीक अक्षरातल्या कंपनीची असते. रेमिंग्टन हे नाव आजही दुकानात आहे. काडतुसांचा धंदा तर नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा विकला जाऊन चेकोस्लोव्हाक ग्रुपकडं गेला. नाव असं हातोहात फिरत राहील. 2019 मध्ये रायफल घेतलेल्या माणसाला मात्र आज गावातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडं स्वतःच्या खिशातले पैसे मोजावे लागतात.