अश्वगंधेआधी निदान

‘त्या मानसोपचाराच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत. त्यापेक्षा रात्री दुधातून अश्वगंधा घे, सकाळी बी-ट्वेल्व्हची गोळी घे. आपलं आयुर्वेदिक आहे. गुण नाही आला तरी अपाय होणार नाही.’ घरात कुणाचे मन खचले, झोप उडाली, छातीत धडधड होऊ लागली की हा सल्ला मावशी देते, ऑफिसातला सहकारी देतो, केमिस्टच्या काउंटरवरचा मुलगाही देतो. त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. तरीही या सल्ल्यातले प्रत्येक विधान तपासून घ्यायला हवे, कारण त्यावर विसंबून माणसे महिनोन्‌महिने नैराश्य अंगावर काढतात.

आधी पूर्वपक्षातले खरे ते मान्य करू. अश्वगंधेवर आपल्याकडे चाचण्या झाल्या आहेत. ताणाची आणि अस्वस्थतेची तक्रार असलेल्या लोकांना नकली गोळीपेक्षा अश्वगंधेने अधिक बरे वाटल्याचे त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांत दिसले. मात्र या चाचण्या लहान होत्या, बहुतेक दोन-तीन महिन्यांत आटोपल्या, आणि त्यांत ताणाने त्रासलेली माणसे जास्त, गंभीर नैराश्याचे रुग्ण कमी. युरोपातल्या सेंट जॉन्स वर्ट या पिवळ्या फुलांच्या झाडाची बाजू याहून भक्कम आहे. २००८ सालच्या कॉक्रेन आढाव्यात २९ चाचण्या आणि सुमारे साडेपाच हजार रुग्ण होते. सौम्य ते मध्यम नैराश्यात ही वनस्पती नकली गोळीपेक्षा सरस आणि नेहमीच्या औषधांच्या तोडीची ठरली. जर्मन भाषक देशांतले निकाल इतरांपेक्षा जास्त अनुकूल होते, हेही त्याच आढाव्यात नोंदले आहे. तेव्हा झाडपाल्यात काही नसते असे म्हणणारा चूक आहे. झाडपाल्यात गुण असतो. आणि ज्याच्या अंगी शरीराचा व्यवहार बदलण्याची ताकद आहे, ते अपाय करूच शकत नाही असे म्हणता येत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्याच मातीत उगवला. सर्पगंधा ही वनस्पती आपले वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिच्या उपयोगाबद्दल लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अनुभव मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले. पुढे काय झाले, हे मात्र आपण अभिमानाने सांगत नाही. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत खोल उदासी आल्याच्या, जगणे नकोसे झाल्याच्या नोंदी होऊ लागल्या. मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचा आणि नैराश्याचा संबंध शास्त्रज्ञ शोधू लागले त्यामागे या नोंदीही होत्या. त्या नोंदी किती काटेकोर होत्या यावर नंतर वाद झाला. पण नैराश्याच्या रुग्णाला रेसर्पिन देऊ नये ही सूचना औषधासोबत राहिली. अस्सल देशी, अस्सल नैसर्गिक मुळी. आणि मन सांभाळायचे तर तिच्यापासून सावध राहावे लागते.

सेंट जॉन्स वर्टची गोष्ट याहून थेट आहे. ते यकृतातली औषधे मोडून काढणारी विकरे वाढवते, त्यामुळे सोबत घेतलेले दुसरे औषध रक्तात टिकत नाही. २००० साली झुरिकच्या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये हृदयारोपण झालेल्या दोन रुग्णांची हकीकत दिली. हे झाड घेऊ लागल्यावर त्यांच्या रक्तातले सायक्लोस्पोरिन उतरले आणि शरीर नव्या हृदयाला नाकारू लागले. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन, एचआयव्हीची काही औषधे यांचीही तीच गत होते. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर ते घेतले, तर सेरोटोनिन बेसुमार वाढून जीवावर बेतू शकते. हल्ली त्याच्या कॅप्सूल आपल्याकडेही ऑनलाइन घरपोच मिळतात.

अश्वगंधेचे काय? यकृताला सूज येऊन कावीळ झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण आहेत. थायरॉइडची संप्रेरके ती वाढवू शकते. गरोदरपणात ती घेऊ नये असे सांगितले जाते. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. ती अतिसावधगिरी होती असे कुणी म्हणेल तर म्हणो. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘काकू, आणखी कोणतं औषध चालू आहे का?’ काकू सांगतात, ‘नाही हो, ती थायरॉइडची तेवढी एक गोळी.’ त्यांच्या पर्समध्ये त्या वेळी अर्धी संपलेली अश्वगंधेची बाटली असते. काकू खोटे बोलत नसतात. त्यांच्या लेखी ते औषधच नसते. पुढच्या रक्ततपासणीत थायरॉइडचे आकडे हलतात आणि डॉक्टर गोळीचा डोस बदलतात, खरे कारण न कळता. छातीतली धडधड आणि हातांची थरथर मुळात वाढलेल्या थायरॉइडमुळे असेल आणि ‘टेन्शन’ समजून त्यावर अश्वगंधा सुरू झाली, तर रोग आणि उपाय एकाच दिशेने ओढू लागतात. हा धोका तपासणी न करता औषध सुरू करण्यात आहे.

जीवनसत्त्वांच्या बाबतीत मी सल्ला देणाऱ्यांच्या बराच जवळ आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुष होते. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी-ट्वेल्व्ह कमी निघाले. वरण-भात-भाजी-पोळीत हे जीवनसत्त्व नाही. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच येते, आणि चहात घातलेल्या घोटभर दुधाने गरज भागत नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि रोज ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांत ते आणखी घटते. मग थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होते, मन उतरते. अशा माणसाला केवळ नैराश्याची गोळी देऊन बी-ट्वेल्व्ह न तपासणारा डॉक्टर माझ्या मते कर्तव्यात कसूर करतो. पण कमतरता भरून काढणे वेगळे आणि सगळ्यांच्या उदासीवर जीवनसत्त्वांची पट्टी लावणे वेगळे. रांजण रिकामा असेल तर भरावाच. भरलेल्या रांजणात ओतलेले पाणी अंगणात वाहून जाते.

याची मोठी परीक्षाही झाली आहे. अमेरिकेत ५० वर्षांवरच्या १८,३५३ लोकांना सुमारे पाच वर्षे रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व किंवा नकली गोळी दिली गेली. २०२० साली निकाल आला तेव्हा नैराश्य येण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. युरोपातल्या चार देशांत वजन जास्त असलेल्या आणि उदासीची काही लक्षणे असलेल्या १,०२५ लोकांना वर्षभर ओमेगा-३, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व, सेलेनियम असे एकत्र देऊन पाहिले; नैराश्य टळले नाही. यावर आक्षेप येतो की तिकडच्या लोकांत कमतरताच कमी, आपले तसे नाही. आक्षेप रास्त आहे. पण मग आपल्यात ती आहे की नाही हे रक्त तपासूनच कळेल, आणि नेमके तेच आपण टाळतो. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज दुधातून घेतल्याने रक्तातले कॅल्शियम वाढून माणसे रुग्णालयात भरती झाली आहेत. वाढलेल्या कॅल्शियमची लक्षणे काय, तर मळमळ, बद्धकोष्ठ, सुस्ती, गोंधळ आणि उदासी.

आता ‘सुटत नाहीत’ या भीतीबद्दल. झोपेसाठी, घबराटीसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, हे खरे आहे. त्या थोड्या दिवसांसाठीच असाव्यात. नैराश्यावरच्या गोळ्या वेगळ्या. त्यांची तलफ येत नाही, डोस चढवत न्यावा लागत नाही. अचानक बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, विचित्र झिणझिण्या येतात, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या. २०१८ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या आढाव्यात ५२२ चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्ण होते. तपासलेली सर्व २१ औषधे नकली गोळीपेक्षा सरस ठरली. मात्र सरासरी फरक माफकच होता. तेव्हा या गोळ्यांचा उदोउदो करण्याचे कारण नाही. वजन वाढते, कामेच्छा मंदावते, हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवे. पाच मिनिटांत चिठ्ठी खरडून पुढचा पेशंट बोलावणारा डॉक्टर माणसांना जाहिरातीतल्या बाटलीकडे ढकलतो, हे मला डॉक्टरांना स्पष्टपणे सांगायचे आहे.

आयुर्वेदाच्या अभिमानाने बोलणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. चरकसंहितेत चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतली सत्त्वावजय चिकित्सा ही मनाला अहितकर विषयांपासून आवरण्याची आहे. तिच्यात मुळी-पाला नाही. न ओळखता घेतलेल्या औषधाची गणना त्याच ग्रंथाने विषाबरोबर आणि शस्त्राबरोबर केली आहे. चांगला वैद्य प्रकृती, आहार, झोप, वय, चालू औषधे सगळे विचारतो आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. मोबाइलवर ऑर्डर केलेल्या कॅप्सूलला आयुर्वेद म्हणणे हा त्या शास्त्राचाच अवमान आहे.

मग करायचे काय? याचे एक उत्तर गोव्यात मिळाले आहे. ‘संगात’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांबरोबर काम केले. समुपदेशक होते स्थानिक, मानसोपचाराची पदवी नसलेले, पण नीट प्रशिक्षण घेतलेले. सहा ते आठ बैठकांत ते रुग्णाबरोबर बसून सुटून गेलेली कामे, आवडीच्या गोष्टी, माणसांकडे जाणे-येणे हळूहळू पुन्हा सुरू करून देत. २०१७ साली लॅन्सेटमध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात ३९ टक्के. कॅप्सूल नाही, मोठे रुग्णालय नाही, मातृभाषेत बोलणारे आणि शिकवून तयार केलेले एक माणूस. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पानेही गावातल्याच स्वयंसेवकांना अशा कामासाठी उभे केले.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्यासारख्या सामान्य मानसिक आजारांच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. ही पोकळी आज बाटल्या आणि पुड्या भरून काढत आहेत. महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असा प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि उदासीची तक्रार घेऊन आलेल्याची हिमोग्लोबिन, थायरॉइड व बी-ट्वेल्व्हची तपासणी तिथेच, फुकट व्हायला हवी. आमदारांकडे रस्ता मागतो तितक्याच हक्काने हे मागायला हवे. आणि घरातले कुणी ‘आता जगून काय करायचं’ असे बोलले, तर अश्वगंधेचा गुण येण्याची वाट पाहत बसायचे नाही. त्या माणसाला एकटे सोडायचे नाही आणि लगेच डॉक्टर गाठायचा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येते.