यादी हवी, क्रमांक नकोत

वर्षअखेरीला आवडत्या अल्बमांची यादी करणं हा पोरखेळ आहे, असं मानणारी मंडळी माझ्या आसपास भरपूर आहेत. त्यांतली काही शास्त्रीय संगीतात मुरलेली, तर काही दिवसभर कानांत इअरफोन घालून फिरणारी. एरवी या दोघांचं कशावरही जमणार नाही, पण इथे त्यांचं एकमत आहे. पहिल्यांचं म्हणणं असं, की खरं संगीत मैफलीत असतं, ध्वनिमुद्रिका ही त्याची पडछाया. मग पडछायांची वार्षिक प्रतवारी कसली लावता? दुसरे म्हणतात, आता अल्बम ऐकतो कोण? लोक गाणी ऐकतात, आणि वर्षभरात काय ऐकलं याचा हिशेब अ‍ॅपच काढून देतं.

मी अशी यादी करतो आणि यापुढेही करणार आहे. म्हणून या दोन्ही आक्षेपांना उत्तर देणं मला भाग आहे. बोलणं हवेत राहू नये म्हणून एक वर्ष समोर ठेवू: २०१६. ते आता पुरेसं मागे पडलं आहे, त्या वेळचा गलबला खाली बसला आहे, आणि अल्बम म्हणजे काय हे त्या वर्षानं जितकं उघड करून दाखवलं तितकं फार थोड्या वर्षांनी दाखवलं असेल.

आधी मैफलवाल्यांचं पाहू. किशोरीताईंच्या भूपाचा विषय निघाला की हीच मंडळी कुठल्या मैफलीची आठवण काढतात? बहुतेकांच्या मनात असते ती एलपी: एका बाजूला भूप, ‘सहेला रे’सकट, आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री. आमीर खाँसाहेबांचा मारवा म्हटला की तीच गत. त्या तबकडीच्या एका बाजूला सूर्यास्ताचा मारवा आहे, पाठीमागे रात्रीचा दरबारी. हा क्रम मैफलीत असा लागोपाठ मिळेलच असं नाही. मैफलीत तास-सव्वा तास फुलवायचा राग वीस-बावीस मिनिटांत मांडायचा, तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे गवयाला ठरवावं लागतं. ते ठरवण्यातच एक वेगळी कृती जन्माला येते. तिला मैफलीची पडछाया म्हणणं हा त्या गवयांच्याच विचारशक्तीवर अन्याय आहे. मैफलीची थोरवी मला मान्य आहे. पण ज्या मुद्रिकांनी तुमचे कान घडवले, त्यांना दुय्यम ठरवून मैफल मोठी होत नाही.

दुसऱ्या आक्षेपात जास्त दम आहे, कारण व्यवहार त्याच्या बाजूनं आहे. स्ट्रीमिंगच्या धंद्यात तीस सेकंद वाजलं की गाणं ऐकलं असं धरतात. अल्बमवर बोट ठेवलं तरी गाणी उलटसुलट वाजायची, हा तिथला रिवाज होता. २०२१च्या नोव्हेंबरात अडेलनं आग्रह धरला तेव्हा कुठे स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावरचं ते ठळक शफल-बटण मागे घेतलं. गाणी ज्या क्रमानं रचली त्या क्रमानं ऐकवा, एवढंच तिचं मागणं होतं. ते मागावं लागलं, यावरून अल्बमची काय अवस्था झाली आहे ते कळतं. पण अवस्था वाईट आहे म्हणून ती चीजच संपली, हा निष्कर्ष मला मान्य नाही.

डेव्हिड बोवीचा ‘ब्लॅकस्टार’ घ्या. सात गाणी, जेमतेम एक्केचाळीस मिनिटं. न्यूयॉर्कच्या एका छोट्या क्लबात डॉनी मॅकॅस्लिनचा जॅझ संच ऐकून बोवीनं त्याच वादकांना सोबत घेतलं आणि रॉकचे ठरलेले वादक बाजूला ठेवले. सहावं गाणं ‘डॉलर डेज’ संपता संपता त्याच्याखालून एक यांत्रिक ठेका सुरू होतो आणि तसाच सातव्या, शेवटच्या गाण्यात शिरतो. त्या ठेक्यावर हार्मोनिका येते. बोवीचं जुनं काम ज्यांच्या कानात आहे त्यांना ती लगेच ओळखू येते: १९७७च्या ‘लो’ या अल्बमची पहिली बाजू ज्या वाद्यरचनेनं संपते, तिच्यातली ही हार्मोनिका. त्या रचनेच्या नावातच नव्या गावातल्या नव्या कामाचा उल्लेख आहे. मृत्यू समोर दिसत असलेला माणूस आपल्या शेवटच्या गाण्याच्या तोंडाशी तो सूर ठेवतो. हे गाणं सुटं वाजवलं तर हार्मोनिका ऐकू येईल, पण ती कुठून येते आहे ते कळणार नाही. ‘डॉलर डेज’चं वजन पाठीशी असल्याशिवाय तो ठेका नुसता ठेका राहतो.

लेनर्ड कोहेनच्या ‘यू वॉन्ट इट डार्कर’मध्येही असंच एक दार आहे. पाठीच्या दुखण्यानं जेरीला आलेल्या कोहेननं लॉस एंजेलिसच्या आपल्या घरातच खुर्चीत बसून तो गायला. निर्मितीची धुरा मुलगा अ‍ॅडमनं सांभाळली, आणि मॉन्ट्रियलच्या ज्या सिनेगॉगमध्ये लेनर्डचं बालपण गेलं तिथला गायकवृंद साथीला आला. त्यातलं दुसरं गाणं ‘ट्रीटी’. नऊ गाण्यांचा अल्बम संपत येतो तेव्हा तीच चाल तंतुवाद्यांवर परत येते, आणि शेवटी कोहेन दोन-चार ओळी बोलून थांबतो. मधली सहा गाणी ऐकलेली नसतील तर परत येणं म्हणजे काय ते कसं कळणार?

इथे कोणी रेडिओहेडचं उदाहरण माझ्या विरोधात आणील. त्यांच्या त्या वर्षीच्या ‘अ मून शेप्ड पूल’मधली अकरा गाणी चक्क इंग्रजी वर्णक्रमानं लावली आहेत. मग क्रमाचं एवढं काय घेऊन बसलात? मुद्दा चांगला आहे. पण त्या क्रमानं शेवटी काय आलं ते पाहा: ‘ट्रू लव्ह वेट्स’. हे गाणं ते रंगमंचावर १९९५पासून गात होते. २००१मध्ये त्याचं एक थेट ध्वनिमुद्रण निघालं, पण स्टुडिओतल्या अल्बमात त्याला कधी जागा मिळाली नव्हती. एकवीस वर्षांनी ते आलं तेव्हा गिटार गेली होती आणि एकमेकांत अडखळणारे पियानो उरले होते. आधीच्या दहा गाण्यांच्या तंतुवाद्यांतून बाहेर पडून त्या मोकळ्या जागेत पोचणं हा अनुभव त्या अल्बमचा आहे. क्रम कशावरून ठरवला हा प्रश्न वेगळा. एकदा ठरवला की तो रचनेचा भाग होतो.

आता अ‍ॅपच्या वार्षिक हिशेबाकडे येतो, कारण माझा खरा झगडा तिथेच आहे. काय किती वेळा वाजलं एवढंच अ‍ॅपला कळतं. जास्त वाजलं म्हणजे जास्त भावलं, हे त्याचं गृहीतक. पण आपल्याला सर्वांत खोल लागलेलं संगीत आपण वारंवार ऐकतो का? निक केव्हचा ‘स्केलेटन ट्री’ त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आला. त्याआधीच्या वर्षी ब्रायटनजवळच्या कड्यावरून पडून त्याचा किशोरवयीन मुलगा गेला होता. हा अल्बम स्वयंपाक करताना किंवा लोकलमध्ये लटकून ऐकायचा नाही. तो ऐकायला मन तयार करावं लागतं, आणि ऐकून झाल्यावर कित्येक दिवस पुन्हा लावायचा धीर होत नाही. अ‍ॅपच्या हिशेबात त्याचा नंबर कुठे तळाशी लागेल, आणि व्यायाम करताना नुसत्या चालीसाठी लावलेलं एखादं गाणं डोक्यावर जाऊन बसेल. माझ्या वर्षाचा हा हिशेब साफ खोटा आहे. जे सहन व्हायला जड गेलं म्हणून कमी वेळा ऐकलं, त्याची नोंद माणसालाच करावी लागते.

‘संगीताला कसलं आलंय वर्ष?’ असाही एक सूर असतो. संगीताला नसेल, ऐकणाऱ्याला असतं. ‘ब्लॅकस्टार’ ८ जानेवारीला, बोवीच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी आला, आणि १० तारखेला तो गेला. त्या दोन दिवसांत ज्यांनी तो ऐकला त्यांनी एक कोड्यासारखा, धाडसी जॅझ-रॉक अल्बम ऐकला. अकरा तारखेपासून सगळ्या जगानं मृत्युपत्र ऐकलं. ‘स्केलेटन ट्री’चं नेमकं उलटं आहे. त्यातली बरीचशी गाणी मुलाच्या मृत्यूआधीच लिहायला घेतली होती, तरी ऐकणाऱ्यानं प्रत्येक ओळीत तो मृत्यू वाचला. मीही वाचला, आणि आजही त्यावाचून तो अल्बम मला ऐकता येत नाही. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा अठरा वर्षांनंतरचा अल्बम अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर तिसऱ्या दिवशी, ११ नोव्हेंबरला बाजारात आला. त्या संचातला फाइफ डॉग मार्चमध्येच गेला होता, पण त्याचा आवाज त्यात आहे, आणि तो सोबत्यांच्या शेजारी उभा राहून दिलेला आहे. कारण दुरून ध्वनिफिती पाठवायच्या नाहीत, स्टुडिओत समोरासमोर यायचं, अशी त्यांच्यातल्याच क्यू-टिपची अटच होती. हे अल्बम पुढेही ऐकले जातील, पण त्या आठवड्यांत ते कसे ऐकू आले हे वेळीच लिहून ठेवलं नाही तर कायमचं हरवतं. यादी म्हणजे ती नोंद. तिच्यात अल्बमच्या नावाबरोबर कारण लिहिलेलं असलं पाहिजे. नुसत्या नावांच्या यादीला माझ्या लेखी किंमत नाही.

विरोधकांची एक गोष्ट मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. क्रमांक लावणं चूक आहे. ‘व्हिलेज व्हॉइस’च्या गाजलेल्या वार्षिक मतदानात समीक्षकांना शंभर गुण दहा अल्बमांत वाटावे लागत, एकाला तीसपेक्षा जास्त नाहीत आणि पाचपेक्षा कमी नाहीत. त्यामागे प्रामाणिकपणा होता, पण कोहेनला किती आणि ‘सैराट’ला किती, हे मी कोणत्या मापानं ठरवू? घाईबद्दलचा आक्षेपही खरा आहे. मासिकांच्या याद्या छापून तयार असताना १३ डिसेंबर २०१३ला बियॉन्सेनं कसलीही पूर्वसूचना न देता अख्खा अल्बम काढला. पुढच्या वर्षी १५ डिसेंबरला डिअँजेलोचा ‘ब्लॅक मसाया’ आला, ‘वूडू’नंतर जवळपास पंधरा वर्षांनी. म्हणून मी यादी मार्चअखेरीला करतो. तोवर जे मनात टिकतं तेच लिहितो.

‘सैराट’चं नाव वर सहज आलेलं नाही. त्या वर्षी महाराष्ट्रात ‘झिंगाट’ वाजलं नाही अशी वरात नसेल. माझ्या शास्त्रीय मित्रांनी ते खिडकीतून आत आलेलं ऐकलं आणि खिडकी लावून घेतली. तरुणांनी ते एक गाणं शेकडो वेळा वाजवलं आणि बाकीच्यांकडे वळायला त्यांना सवड झाली नाही. चार गाण्यांचा हा संच एका बैठकीत किती जणांनी ऐकला? अजय-अतुलनी त्यासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. ‘याड लागलं’मध्ये तो वाद्यवृंद गावातल्या एका पोराच्या पहिल्या प्रेमाला जी उंची देतो, ती मराठी चित्रपटगीतानं त्याआधी मागितलीही नव्हती. आणि ‘झिंगाट’चा वरातीचा ठेका त्याच संचात, त्याच मानानं उभा आहे. एकाला दिवाणखान्यात आणि दुसऱ्याला रस्त्यावर अशी वाटणी संगीतकारांनी केलेली नाही, ती आपण ऐकणाऱ्यांनी केली. चारच गाणी म्हणजे अल्बम कसला, असं म्हणणाऱ्यांनी एलपीच्या एका बाजूची लांबी आठवावी.

माझ्या २०१६च्या यादीत बियॉन्सेचा ‘लेमनेड’ नाही, तिची धाकटी बहीण सोलांज हिचा ‘अ सीट अ‍ॅट द टेबल’ आहे, याबद्दल मला नेहमी जाब विचारला जातो. त्याचं कारण हे: ‘लेमनेड’ आधी तासाभराचा चित्रपट म्हणून एचबीओवर दाखवला गेला, आणि त्यात गाण्यांना सांधण्याचं काम वर्सान शायर हिच्या कविता करतात. नुसत्या ध्वनी-अल्बमात त्या कविता नाहीत. बारा गाणी ताकदीची आहेत, पण त्यांचा सांधा पडद्यावर राहून गेला. सोलांजनं आपला सांधा अल्बमातच ठेवला. गाण्यांच्या अधेमधे तिची आई बोलते, वडील बोलतात, न्यू ऑर्लिन्सचा मास्टर पी आपल्या धंद्याची आणि स्वाभिमानाची गोष्ट सांगतो. कुठल्याही प्लेलिस्टमध्ये ही बोलणी सर्वांत आधी गळतात. वडील शाळकरी वयात भोगलेल्या वर्णद्वेषाबद्दल बोलून थांबतात आणि पाठोपाठ ‘मॅड’ येतं. तो संताप कुठून आला हे तेव्हा समजतं. ‘लेमनेड’ला डावललं हे कोणाला पटत नसेल तर मी वाद घालायला तयार आहे. फक्त येताना दोन्ही अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधलं काही न गाळता ऐकून या.