दाराला टेकवलेलं यंत्र

वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून आपण काय लावतो? एखादी वीट, दगड, फार तर जुना वरवंटा. युगांडातल्या एका दवाखान्यात २०१३ साली या कामाला चक्क सेंट्रिफ्यूज लावलेलं होतं! रक्ताचा नमुना वेगानं फिरवणारं हे यंत्र आपल्याकडच्या लॅबमध्येही असतं. फिरताना रक्तातल्या जड तांबड्या पेशी बाहेरच्या बाजूला जातात आणि पिवळसर प्लाझ्मा वेगळा होतो. पण त्या दवाखान्यात वीजच नव्हती. मग यंत्र दाराला टेकवायच्याच उपयोगाचं!

हे पाहिलं मनु प्रकाश यांनी. मूळचे मेरठचे, आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झालेले. दुसरा कोणी असता तर त्यानं आणखी एखादं यंत्र देणगी म्हणून पाठवलं असतं. त्यांनी प्रश्नच बदलला. विजेशिवाय, माणसाच्या हातानं, सर्वांत वेगानं काय फिरतं?

साद भामला या सहकाऱ्याबरोबर त्यांनी खेळणी तपासायला घेतली. यो-यो झाला. शेवटी हाती आली ती बटणाची भिंगरी. वाचकहो, ही तुम्हाला सांगायला नको. आज्जीच्या शिवणाच्या डब्यातलं मोठं बटण, दोन भोकांतून ओवलेला दोरा, पीळ देऊन दोन्ही हातांनी ओढायचं आणि सैल सोडायचं. माझा विषय इतिहास; पण वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एक मुलगी पटकन म्हणाली, "सर, हे तर आम्ही चौथीत करायचो की!"

करायचो खरं, पण किती वेगानं फिरतं ते मोजलं होतं का कुणी? भामलांनी अतिवेगवान कॅमेरा लावून मोजलं. बटण मिनिटाला १० हजारांहून अधिक फेरे घेत होतं! मग दोऱ्याला पीळ कसा बसतो, चकती केवढी हवी, दोरा किती जाड हवा, याचं गणित मांडलं. त्यातून कागदाच्या चकतीचं पेपरफ्यूज तयार झालं. कमाल वेग मिनिटाला १ लाख २५ हजार फेरे, वजन दोन ग्रॅम, खर्च २० अमेरिकी सेंट, म्हणजे तेव्हाचे तेरा-चौदा रुपये. दीड मिनिटात प्लाझ्मा वेगळा आणि सुमारे १५ मिनिटांत मलेरियाचे परजीवी वेगळे. जानेवारी २०१७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. मादागास्करमध्ये त्याची प्रत्यक्ष चाचणीही झाली.

याला कुणी 'जुगाड' म्हटलं की मला पटत नाही. जुगाडात काम निभावलं की आपण थांबतो. इथं काम निभावल्यावर खरा अभ्यास सुरू झाला. खेळणं आणि उपकरण यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते मोजमापाचं आहे. आणि उपकरण चांगलं की वाईट हे किमतीवरून ठरत नाही. ज्या खोलीत ते वापरायचं, तिथं ते चालतं का, यावरून ठरतं.

आपल्याकडची अनेक उपकरणं कपाटात काचेमागे बसलेली असतात. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेर येतात. त्याआधीच पोरांच्या जर्नलमध्ये 'अपेक्षित' आकडे लिहून तयार! उत्तर आधी, प्रयोग नंतर. अशानं पोरांना यंत्र हाताळता येईल एक वेळ. नवं यंत्र सुचणार कसं?

म्हणून पालकांना एक सुचवतो. या रविवारी मुलांना एक बटण आणि दोरा द्या. मग पुठ्ठ्याची लहान-मोठी चकती लावायला सांगा, दोरा बदलायला सांगा. कुठली चकती जास्त वेळ फिरते ते घड्याळ लावून वहीत लिहू दे. वही मराठीत लिहिली काय, कन्नडमध्ये लिहिली काय, काही बिघडत नाही. आकडे तेवढे स्वतः मोजलेले हवेत.